नाव शेवटी सांगावे : कथेतील खुब्या आणि सहावी ते आठवीचे वर्ग

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विदर्भातल्या खेड्यांतील शिक्षकांची आणि पालकांची आहेत. त्या सर्वांची अडचण थोड्याफार फरकाने एकच आहे : लहानशी कथा वाचताना लेखकाने वापरलेले अलंकार, प्रतीके आणि रचनेच्या खुब्या मुलांना ओळखता याव्यात यासाठी नेमके काय करावे? मी स्वतः यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या शाळांत अनेक वर्षे मराठी शिकवले आहे. त्या अनुभवाच्या आधारे, पत्रे संक्षिप्त करून, उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला मराठी शिकवते. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनगुणोक्ती यांच्या व्याख्या मुलांना तोंडपाठ आहेत. कवितेत ‘जणू’ किंवा ‘सारखा’ दिसला की ती अलंकार बरोबर सांगतात; परंतु कथा वाचायला दिली की ‘बाई, यात अलंकारच नाही’ असे म्हणून मोकळी होतात. व्याख्या आणखी पक्क्या करून घ्याव्यात काय?

उत्तर : ताई, व्याख्या आणखी पक्क्या करून घेऊ नयेत; उलट काही दिवस त्या फळ्यावर येऊच देऊ नयेत, असे माझे मत आहे. आपल्या मुलांचा घोटाळा व्याख्येत नाही, शोधण्याच्या रीतीत आहे. आपण सर्वांनीच त्यांना खूणशब्द दिले आणि ती इमानेइतबारे खूणशब्दच शोधत बसतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘बाळ सारखे रडत होते’ या वाक्याखाली रेघ ओढून समासात ‘उपमा’ असे लिहिले होते. त्याला ‘सारखे’ सापडले होते, म्हणजे शिकवल्याप्रमाणे त्याने आपले काम चोख केले होते. ‘मला तिच्यासारखा फ्रॉक पाहिजे’ हे वाक्यही अशीच फसगत करते. फ्रॉकची तुलना फ्रॉकशी केली तर वस्तू तेवढी दाखवली जाते. दोन निराळ्या गोष्टींतले अनपेक्षित साम्य जेथे चमकते, तेथे उपमा होते. हा फरक व्याख्या पाठ करून कळत नाही. वाक्य कानावर पडताच मनात काय हलले, याकडे लक्ष द्यायची सवय लागली म्हणजे तो कळू लागतो.

ही सवय लावण्यासाठी मी एक लहानसा उतारा स्वतः लिहून वापरत असे. तो येथे पूर्ण देतो, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

‘पोळा उद्यावर आला होता. आईने वाटीत हळद आणि तूप कालवले. या वर्षी वाटी लहान होती. बाबा वाटी घेऊन कोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत, म्हणून मी डोकावून पाहिले. दावणीला दोन खुंटे होते. एकाला सर्जा बांधलेला होता. दुसऱ्याला नुसते दावे लोंबत होते. बाबांनी सर्जाचे खांदे शेकले, त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण दिले, आणि मग बोटांना उरलेले तूप रिकाम्या खुंट्याला पुसले. मी दिसताच ते म्हणाले, “वाया काहून घालवाचं?” बाहेर आभाळ केव्हाचे भरून आले होते, पाऊस मात्र पडत नव्हता.’

या उताऱ्यात ‘जणू’ नाही, ‘सारखा’ नाही, ‘भासे’ही नाही. खूणशब्द शोधणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो कोरडाच आहे. मी तो दोनदा मोठ्याने वाचत असे आणि एकच प्रश्न विचारत असे : बाबांनी तूप खुंट्याला का पुसले? एका वर्षी पहिले उत्तर आले, ‘सर, तुपाले भाव आहे, म्हून.’ हे उत्तर चूक नाही. कथेतले बाबा स्वतः तेच म्हणतात, म्हणून ते फळ्यावर लिहावे. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘तो खुटा नाही सर, तो दुसरा बैल होय.’ वर्ग गप्प झाला. ज्यांच्या घरचा बैल त्या वर्षी बाजारात गेला होता, अशी दोन-तीन मुले त्या वर्गात होती. मग एका मुलाने आभाळाची गोष्ट काढली : ‘बाप रडला नाही, म्हून पाणीबी आलं नाही.’

यानंतर, आणि यानंतरच, मी खडू हातात घेऊन ‘प्रतीक’ हा शब्द लिहिला. तोपर्यंत मुलांच्या मनात ती वस्तू तयार होती आणि तिला नाव तेवढे हवे होते. नाव आधी दिले असते, तर त्यांनी नावाला शोभेल अशी एखादी वस्तू उताऱ्यातून काढून माझ्यापुढे ठेवली असती. आभाळाविषयीच्या उत्तराला ‘वातावरणनिर्मिती’ हे नाव मिळाले. बाबांच्या वाक्याविषयी मुलांनी एवढेच म्हटले की ते बोलतात एक आणि मनात दुसरेच असते. सातवीला इतके पुरे आहे.

या पद्धतीत एक कसोटी फार उपयोगी पडते. मी तिला सरळ वाक्याची कसोटी म्हणतो. लेखकाला जे सांगायचे होते ते मुलांनी सरळ वाक्यात लिहायचे, म्हणजे ‘बाबांना विकलेल्या बैलाची आठवण येऊन वाईट वाटले’ असे, आणि ते वाक्य मूळ वाक्याच्या जागी ठेवून उतारा पुन्हा मोठ्याने वाचायचा. काय गेले, हे विचारायचे. मुले लगेच सांगतात की आता आपल्याला काही शोधावे लागत नाही, आणि बाबा आपल्या बाबांसारखे राहत नाहीत, कारण आपले बाबा असे बोलून दाखवत नाहीत. यात खुबीचे नाव आलेले नाही, पण खुबीचे काम सांगून झाले आहे. ज्या वाक्यावर ही कसोटी लावल्यावर काहीच जात नाही, तेथे खुबी शोधू नये. हेही मुलांना स्पष्ट सांगावे, नाहीतर आईने तूप कोणत्या हाताने कालवले यातही ती प्रतीक पाहू लागतात.

दुसऱ्या दिवशी त्याच उताऱ्यावर निवेदकाचा धडा घेता येतो. गोष्ट मुलगा सांगतो आहे आणि त्याला सगळे कळलेले नाही. वाचणाऱ्याला त्याच्याहून अधिक कळते. हाच प्रसंग बाबांच्या तोंडून लिहायला सांगावा. बहुतेक मुले ‘मला फार दुःख झाले’ असे लिहून थांबतात आणि गोष्ट तेथेच संपते. निवेदक बदलला की काय बदलते, हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसते.

‘या वर्षी वाटी लहान होती’ हे वाक्य मी मुद्दाम तेथे ठेवले आहे. पहिल्या वाचनात कोणाचेही लक्ष त्याकडे जात नाही. शेवट कळल्यावर पुन्हा वाचले की तेच वाक्य टोचते. तूप एकाच बैलापुरते कालवायचे होते, हे आईला आधीच ठाऊक होते. पूर्वसूचना ही खुबी दुसऱ्या वाचनातच सापडते. म्हणून कथा एकदाच वाचून प्रश्नांकडे वळणाऱ्या वर्गात ती कधीच शिकवली जात नाही. तासिका अपुरी पडत असेल तर कथा लहान निवडावी, पण दुसरे वाचन सोडू नये.

मुले घरी जी बोली बोलतात, तिच्यात हे सारे आधीपासून आहे, हेही त्यांना दाखवून द्यावे. विदर्भातल्या शाळा उन्हापायी राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. पहिल्याच आठवड्यात मुलांना यंदाच्या उन्हाचे वर्णन करायला सांगावे. ‘डांबर असं पघळे का चप्पल मांगंच राहे’ असे एखादे वाक्य हमखास येते. अतिशयोक्ती शिकवायला याहून चांगले उदाहरण पुस्तकात सापडायचे नाही. ‘पाणी रुसलं’ म्हणणाऱ्या आजीच्या बोलण्यात चेतनगुणोक्ती आहे. ही वाक्ये मुले जशी बोलतात तशीच फळ्यावर लिहावीत. ती प्रमाण भाषेत उतरवून मग अलंकार दाखवला, तर अलंकार ही आपल्या घराबाहेरची वस्तू आहे, असा समज मुलांच्या मनात कायमचा बसतो.

प्रश्न : आठवीची मुले ‘येथे खुंटा हे प्रतीक आहे’ इतके लिहितात आणि थांबतात. कशाचे प्रतीक, कशावरून, याचे स्पष्टीकरण त्यांना देता येत नाही. स्पष्टीकरण लिहायला शिकवण्याची एखादी सोपी चौकट आहे काय? (एक शिक्षक, मोर्शी तालुका)

उत्तर : सर, आपण मोर्शी तालुक्यातून विचारले आहे आणि हव्या असलेल्या चौकटीचे मूळ आपल्याच तालुक्याच्या परंपरेत आहे. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे केंद्र, आणि तेराव्या शतकातल्या या पंथाच्या गद्यात ‘दृष्टान्तपाठ’ हा ग्रंथ आहे. श्रीचक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टान्त केसोबासांनी त्यात एकत्र केले. त्यांची मांडणी तीन भागांची आहे : आधी सूत्र, म्हणजे सांगायचा विचार; मग दृष्टान्त, म्हणजे रोजच्या जगण्यातली छोटी गोष्ट; आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट त्या विचाराला कशी लागू पडते याचा उलगडा.

आंधळे आणि हत्ती यांची त्यातली गोष्ट आपल्या मुलांना ऐकून माहीत असते. ज्याच्या हाती पाय लागला तो हत्तीला खांबासारखा म्हणतो, ज्याच्या हाती कान लागला तो सुपासारखा म्हणतो. मुलांना येथे थांबवून विचारावे की सुपाची उपमा चुकीची आहे काय. कानापुरती ती अगदी बरोबर आहे. प्रत्येकाची उपमा आपापल्या ठिकाणी खरी आहे, आणि या साऱ्या उपमा मिळून जी गोष्ट होते ती एका मोठ्या विचाराचा दृष्टान्त आहे. एका वाक्यापुरता अलंकार आणि अख्ख्या कथेचा अर्थ यांतला फरक समजावताना मी इतर उदाहरणांकडे फारसा वळलो नाही.

आता आजच्या कथेकडे या चौकटीतून पाहावे. आजचा कथाकार सूत्र सांगत नाही आणि दार्ष्टान्तिकही सांगत नाही. तो मधली गोष्ट आपल्यापुढे ठेवून निघून जातो. उरलेले दोन भाग वाचणाऱ्याने भरायचे असतात. मुलांना स्पष्टीकरण लिहिता येत नाही, कारण आपण काय भरायचे आहे हेच त्यांना ठाऊक नसते. वहीच्या पानावर तीन ओळी आखून घ्याव्यात. पहिल्या ओळीत कथेतले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. दुसऱ्या ओळीत त्या वाक्यामुळे आपल्याला काय कळले ते लिहायचे. तिसऱ्या ओळीत, ते तसे कळण्यासाठी कथेत आणखी कोणता पुरावा आहे तो द्यायचा. खुंट्याच्या उदाहरणात तिसऱ्या ओळीत लहान वाटी येईल, लोंबणारे दावे येईल, बाबांना लागलेला वेळ येईल. खुबीचे नाव या तिन्ही ओळींच्या खाली, वेगळ्या जागी लिहू द्यावे. एखाद्याला नाव आठवले नाही तरी वरच्या तीन ओळींना पूर्ण दाद द्यावी.

सुरुवातीला दुसरी ओळ अडते. अशा वेळी ‘म्हणजे’ हा शब्द पुढे ठेवावा. ‘दावे लोंबत होते, म्हणजे...’ असे म्हणून आपण थांबलो की मूल वाक्य पुरे करते. ‘म्हणजे’ हा शब्द मराठी मुलाच्या जिभेवर सतत असतो आणि त्याच्यापुढे त्याचे अडखळणे बरेच कमी होते.

प्रश्न : धारणी तालुक्यातील माझ्या शाळेत बहुतेक मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते. मराठी कथेतला साधा अर्थ लागता लागता तासिका संपते. अशा मुलांना अलंकार शिकवण्याचा आग्रह धरावा काय?

उत्तर : आग्रह जरूर धरावा, मात्र क्रम बदलावा. कोरकू ही मुंडा गटातली भाषा आहे. मराठीशी तिचे कूळ जुळत नाही, त्यामुळे आपल्या मुलांसाठी मराठी कथा ही खरोखरीच दुसऱ्या भाषेतली कथा असते. तरीही एका गोष्टीला दुसरीच्या रूपात पाहणे कोणत्याही भाषेतले मूल करतेच. गावातल्या एखाद्या आजीकडून किंवा आजोबांकडून कोरकूतली छोटी गोष्ट वर्गात सांगवून घ्यावी, तिच्यातली चित्रे मुलांकडून आधी त्यांच्याच भाषेत वेचून घ्यावीत आणि मग ती मराठीत कशी सांगता येतील, हे त्यांनाच ठरवू द्यावे. कोणते चित्र मराठीत आले आणि कोणते आले नाही, याची चर्चा झाली की अलंकाराचा अर्धा धडा झाला.

या मुलांच्या बाजूने एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. मेळघाटातल्या एका वर्गात मी पाहुणा म्हणून गेलो असताना कथेत ‘पोटात कावळे ओरडू लागले’ हे वाक्य आले, आणि एका मुलाने विचारले की कावळे पोटात गेले कसे. त्याला कोणी हसू नये, असे मला फार वाटले. आपण मराठी माणसे हा वाक्प्रचार इतक्यांदा ऐकून बसलो आहोत की आपल्याला त्यात कावळा दिसतच नाही. त्या मुलाला तो दिसला. त्याला मी फळ्यावर रिकाम्या पोटाचे आणि कावळ्यांचे चित्र काढायला सांगितले. सगळा वर्ग ते पाहत होता आणि भुकेचा कर्कशपणा कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

यातून वाक्प्रचारांचा प्रश्नही थोडा सुटतो. ‘पावसाने दडी मारली’, ‘भाव पडले’, ‘डोळा लागला’ यांत एके काळी जिवंत प्रतिमा होत्या. आता त्या गोठल्या आहेत. कथेत असा वाक्प्रचार आला म्हणून प्रत्येक वेळी अलंकार लिहायची गरज नाही. परंतु एखादा लेखक ‘कापसाचे भाव पडले आणि त्यांच्याखाली आमचे घर आले’ असे लिहितो, तेव्हा त्याने गोठलेल्या प्रतिमेला पुन्हा जागे केलेले असते. तेथे मुलांना जरूर थांबवावे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत शिकते. वर्गात वाचलेल्या एका कथेत वीटभट्टीच्या कामाला निघालेली आई बसच्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुललेला पळस पाहते. मुलीने पळस हे निरोपाचे प्रतीक आहे असे लिहिले. गाईडमध्ये ‘नवजीवनाचे प्रतीक’ असे असल्यामुळे तिचे उत्तर चूक ठरवले गेले. तिचे खरोखर चुकले काय? (एक पालक, वर्धा जिल्हा)

उत्तर : आपण मुलीचे उत्तर सोबत पाठवले, हे फार चांगले केले. तिने लिहिले आहे की पळस फुलतो तेव्हा त्याला पाने नसतात, आणि गावातला कापूस वेचून झाल्यावर, होळीच्या सुमारास, कामासाठी माणसे बाहेरगावी जातात. म्हणून पळस दिसला की कोणीतरी जाणार असे वाटते. या उत्तरात झाडाचे नीट निरीक्षण आहे, गावाच्या वर्षभराच्या चक्राची जाण आहे, आणि कथेतल्या आईच्या प्रवासाशी जोडलेला दुवा आहे. माझ्या मते ते उत्तर बरोबर आहे आणि गाईडमधल्या उत्तरापेक्षा अधिक विचाराने लिहिलेले आहे.

प्रतीकाचा अर्थ शब्दकोशातल्या शब्दासारखा ठरलेला नसतो. लाल म्हणजे क्रांती, पांढरा म्हणजे शांती, दिवा म्हणजे आशा अशा जोड्या मुलांकडून पाठ करून घेतल्या की ती कथा न वाचताही उत्तर देऊ लागतात, आणि हे मला मनापासून खटकते. मात्र याचा अर्थ असाही नाही की कोणीही काहीही म्हणावे. कथेत ती वस्तू लेखकाने कोठे ठेवली आहे, ती पुन्हा येते काय, आणि आपण लावलेला अर्थ कथेच्या शेवटाशी भांडत तर नाही ना, हे पाहावेच लागते. त्या कथेच्या शेवटी आई नव्या ठिकाणी रुळून सुखी होत असेल, तर ‘नवजीवन’ या अर्थालाही जागा आहे. ती शेवटच्या ओळीपर्यंत मागेच वळून पाहत असेल, तर आपल्या मुलीचा अर्थ अधिक जवळचा आहे. कथा तिच्याजवळ आहे. तिने शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचून स्वतः ठरवावे.

शिक्षकांना भेटायला आपण अवश्य जावे, पण गुण वाढवून मागण्यासाठी जाऊ नये. मुलीला सोबत न्यावे आणि तिचा पुरावा तिलाच मांडू द्यावा. बहुतेक शिक्षक असे उत्तर ऐकून आनंदित होतात, असा माझा अनुभव आहे. वह्यांच्या ढिगापुढे गाईड हाताशी घेऊन बसावे लागते, त्यात त्यांचीही अडचण असते.

प्रश्न : उपरोध मुलांच्या लक्षातच येत नाही. लेखक टोचून बोलतो आणि मुले ते खरे समजतात. सहावीला उपरोध शिकवावा की पुढे ढकलावा? (एक शिक्षिका, भंडारा जिल्हा)

उत्तर : व्याख्येच्या रूपात आठवीपर्यंत ढकलावा, कानाने ऐकवायला सहावीपासून सुरुवात करावी. उपरोध छापील कागदावर मूक असतो आणि आवाजात लगेच सापडतो. ‘सरपंचांनी पाण्याची मोठी टाकी बांधली. गावातली कबुतरे त्यांना फार दुवा देत’ ही दोन वाक्ये मुलांकडून आधी कौतुकाच्या स्वरात आणि मग दुखावलेल्या माणसाच्या स्वरात वाचून घ्यावीत. कोणता स्वर बसतो हे विचारावे, आणि कबुतरे टाकीत राहतात म्हणजे टाकीत काय नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. शब्द आणि वस्तुस्थिती यांच्यात फट दिसली की उपरोध सापडला, इतकी खूण त्यांच्या वयाला पुरते.

आपल्या भागात यासाठी पोळ्याच्या झडत्यांचा फार मोठा आधार आहे. तोरणाखाली बैल उभे असताना ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ असा घोष होतो आणि झडती म्हणणारा माणूस पिकाच्या भावापासून गावच्या कारभारापर्यंत सर्वांचा समाचार घेतो. ज्याच्यावर झडती झाली तोही तेथे उभा असतो, आणि ती ऐकणाऱ्या मुलांना कोण कोणाला टोचतो आहे हे अचूक कळते. पोळ्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी ऐकलेल्या झडत्या वहीत उतरवून आणायला सांगाव्यात. एक काळजी मात्र घ्यावी : गावातल्या एखाद्या घरावरची झडती वर्गात आली, आणि त्या घरचे मूल वर्गात बसलेले असेल, तर ती वाचू नये.

प्रश्न : आमच्याकडे सहावी, सातवी आणि आठवी मिळून एकोणीस मुले एकाच खोलीत बसतात. प्रत्येक वर्गाला वेगळी कथा देणे शक्य होत नाही. परीक्षेतही नेमके काय विचारावे, हे सांगावे. (एक मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा)

उत्तर : सर, वेगळी कथा देऊच नये. एकच कथा सर्वांसमोर दोनदा वाचावी आणि काम तेवढे निराळे द्यावे. सहावीने आवडलेले एक वाक्य आणि त्यातले चित्र सांगावे. सातवीने गोष्ट कोण सांगते आहे आणि ती दुसऱ्याने सांगितली असती तर काय झाले असते, ते लिहावे. आठवीने कथेतली एखादी वस्तू निवडून वर सांगितलेल्या तीन ओळी लिहाव्यात. शेवटची दहा मिनिटे सर्वांनी एकमेकांचे ऐकावे. सहावीची मुले आठवीचे बोलणे ऐकून पुष्कळ शिकतात, ही एका खोलीच्या शाळेची मोठी सोय आहे.

परीक्षेत ‘खालील वाक्यातील अलंकार ओळखा’ हा प्रश्न राहू द्यावा, पण त्याला एकच गुण असावा. त्याच्याखाली ‘हे वाक्य सरळ लिहिले असते तर कथेचे काय हरवले असते?’ हा प्रश्न तीन गुणांना घालावा आणि उतारा मुलांनी पूर्वी न वाचलेला निवडावा. अशा उताऱ्यांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक उपयोगी पडते. ते 1971 पासून निघत असून त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचायला मिळतात. शाळेत जाळे नीट मिळत नसेल, तर तालुक्याला गेल्यावर चार कथा मोबाइलमध्ये उतरवून आणाव्यात. त्या महिनाभर पुरतात, कारण एक कथा आठवडाभर चालवायची आहे.